खापर व्हिस्कीवर

४ नोव्हेंबर १९५३, पहाटे २. न्यूयॉर्कचं चेल्सी हॉटेल. कवी डिलन थॉमस अंथरुणातून उठून प्यायला बाहेर पडतो. वय ३९, छाती आधीपासूनच बिघडलेली, सोबत इन्हेलर.

पहाटे साडेतीनच्या सुमारास. परत येऊन सांगतो, अठरा कोऱ्या व्हिस्की मारल्या, बहुधा विक्रमच! बारवाले नंतर म्हणाले, निम्म्याच असतील. कवीचा हिशेब तो! पण प्रतिकारशक्ती खचायला निम्म्याही पुरतात. शिकागोच्या लॉयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ बायका आणि ७ पुरुषांना व्होडका पाजून त्यांचं रक्त तपासलं. नशा शिगेला पोचल्यावर विसाव्या मिनिटाला प्रतिकारशक्ती खवळलेली, आणि दोन तासांनी, पाच तासांनी पाहावं तर मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आणि मारक पेशी घटलेल्या. पहारेकरी आधी आरडाओरडा करतात, मग पेंगतात.

सकाळ. व्हाइट हॉर्स टॅव्हर्नमध्ये दोन बियर. बरं वाटेना, पुन्हा खोलीवर. श्वासनळीच्या आत बारीक केसांची झालर असते, ती घाण सतत वर ढकलत राहते. सततच्या भरपूर दारूनं ती मंदावते. ठसकाही वेळेवर लागत नाही, मग तोंडातली लाळ, ओकारी, जंतू, सगळं थेट खाली.

दिवसभर. डॉक्टर तीनदा येतात. एसीटीएच हे संप्रेरक टोचतात, त्यानं अंगातलं कॉर्टिसॉल वाढतं, म्हणजे प्रतिकाराला आणखी लगाम. शेवटी अर्धा ग्रेन मॉर्फिन. श्वास आधीच जड असलेल्या माणसाला!

मध्यरात्र. चेहरा निळा पडतो.

५ नोव्हेंबर, रात्री १.५८. सेंट व्हिन्सेंट रुग्णालय, बेशुद्ध. कागदावर निदान: दारूमुळे मेंदूला इजा.

८ नोव्हेंबर. बायको केटलिन विमानानं येऊन पोचते. तीही पिणारी, त्या दिवशी पिऊन इतका धिंगाणा घालते की तिलाच जखडून मनोरुग्णालयात नेतात. जंतूंशी झुंजण्यात बाईचं शरीर एरवी सरस असतं. ईस्ट्रोजेनची साथ, एक्स गुणसूत्रं दोन, आणि विषाणू ओळखणारं टीएलआर-७ त्या एक्सवरच. न्यूमोनियात पुरुष जास्त दगावतात ते काही उगीच नाही. पण पेल्यापुढे ही आघाडी टिकणं कठीण. तिच्या अंगात पाणी कमी, जठरात दारू फोडणारं विकरही कमी; त्यामुळे नवऱ्याएवढाच पेग तिच्या रक्तात जास्त चढतो.

९ नोव्हेंबर, दुपार. डिलन जातो. शवविच्छेदनात सापडतं ते असं: न्यूमोनिया, सुजलेला मेंदू, चरबी साठलेलं यकृत. सिऱ्होसिसच्या खुणा जवळपास नाहीतच.