वीस तास तेवीस मिनिटं

४ मे १९९०. मपेट्स या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन कर्मिट बेडकाला घेऊन आर्सेनियो हॉल यांच्या टीव्ही कार्यक्रमात येतात. वय ५३. घसा दुखतोय, थकवा आहे. बरं वाटेल, असं ते म्हणतात. बारा दिवस उरलेत.

१२ मे. नॉर्थ कॅरोलिनातल्या अहोस्की गावी, वडिलांच्या घरी.

१३ मे. तब्येत बिघडते. डॉक्टर तपासतात, न्युमोनियाची लक्षणं आढळत नाहीत. ॲस्पिरिन मिळतं. हेन्सन न्यूयॉर्कला परततात.

एरवी श्वासमार्ग स्वतःचं रक्षण करतो. श्लेष्म्यात जंतू अडकतात, सूक्ष्म रोम त्यांना वर ढकलतात. त्यातून निसटून वायुकोशात उतरलेल्यांना भक्षक पेशी गिळतात. त्या कमी पडल्या, तर रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. पण हेन्सन यांच्या फुप्फुसांत उतरलेला जीवाणू आहे ‘अ’ गटातला स्ट्रेप्टोकोकस. त्याचं आवरण हायलुरॉनिक आम्लाचं, म्हणजे शरीरातल्याच पदार्थाचं. त्यामुळे तो परका वाटत नाही. एम प्रथिनामुळे तो गिळला जाणं टाळतो. त्याची विषं पांढऱ्या पेशी फोडतात.

१४ मे. ठरलेलं रेकॉर्डिंग रद्द.

१४ मे, रात्री ९. या सुमारास रुग्णालय गाठलं असतं, तर ते बहुधा वाचले असते. दाखल झाले त्याच्या आठ तास आधी यायला हवं होतं, असं उपचार करणारे डॉक्टर नंतर सांगतील. हेन्सन घरीच आहेत.

१५ मे, रात्री २. श्वास घेणं कठीण. खोकल्यातून रक्त. आपण मरतोय बहुतेक, असं ते पत्नी जेन यांना म्हणतात. तरीही रुग्णालयात जायला नकार.

पहाटे ४. ते तयार होतात. टॅक्सीने निघतात.

पहाटे ४:५८. न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये दाखल. थोड्याच वेळात श्वास थांबतो. व्हेंटिलेटर. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत पुवाचे गळू.

दिवसभर. एकामागून एक अँटिबायोटिक्स. बहुतेक जीवाणू मरतात. पण त्यांच्या विषांनी प्रतिकारयंत्रणा बेभान झाली आहे. शरीरभर दाह, अवयव निकामी होत चाललेत.

१६ मे, रात्री १:२१. मृत्यू.

हा जीवाणू तेव्हाही पेनिसिलिनने मरत होता, आजही मरतो. मात्र औषध जीवाणूला मारतं, निकामी झालेले अवयव परत देत नाही. दम लागला, खोकल्यातून रक्त पडलं, तर सकाळ व्हायची वाट पाहू नये.