पाश, फासा आणि खटका

गणपतीच्या एका हातात अंकुश असतो आणि दुसऱ्या हातात पाश. अंकुश मुलांना ओळखता येतो. पाश म्हणजे काय, असे मुलांनी विचारले की आम्ही मोठी माणसे 'दोरी आहे ती' असे सांगून मोकळे होतो. पाश म्हणजे फासा. याच फाशावरून ज्यांना नाव पडले, ते फासेपारधी. यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्या फाशाविषयी, आणि शिकारीआधी त्याची तयारी कशी होई याविषयी लिहावे, असे मनात होते. आम्हा कोलार रोडकरांना हा विषय का टोचतो, ते शेवटी येईलच.

पारध्यांची अनेक नावे आहेत. बंदूक न वापरता फासे लावतो तो फासेपारधी, पाळीव गाय-बैलाच्या आडोशाने हरणाजवळ जातो तो गायपारधी, जात्याला टाकी लावतो तो टाकणकर. फासेपारध्याच्या फाशात लोखंड नसे. तितर-लाव्यांसाठी घोड्याच्या केसांचे बारीक फासे बांबूच्या काड्यांना बांधत. हरणासाठी त्याच्याच पायाच्या शिरा सुकवून, पिळून तात वळत. लांब दोरीला असे फासे ओळीने बांधून ती गवतात अंथरायची आणि कळप हाकत तिकडे न्यायचा. तातीला ओल लागली की ती फुगते आणि सैल पडते, म्हणून पावसाळ्यात ती जपावी लागते. फासा नीट सरकला नाही, तर जनावर निसटते. शिवाय तात आणि केस ही जनावराच्याच अंगची वस्तू. तिला लोखंडासारखा परका वास नाही की चकाकी नाही.

या फाशाची खरी परीक्षा चित्ता पकडताना होई. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चित्त्याकरवी केलेल्या शिकारीचा उल्लेख आहे, आणि कोल्हापूर संस्थानात ही शिकार विसाव्या शतकातही चालू होती. पिल्लू पाळून चालत नसे, कारण आईने न शिकवलेला चित्ता शिकार करत नाही. म्हणून मोठाच चित्ता पकडायचा, तोही जिवंत आणि पाय शाबूत असलेला. ज्या झाडावर चित्ते नखे घासायला येतात ते झाड पारधी हेरत आणि त्याच्याभोवती हरणाच्या तातीचे फासे लावत. अकबराच्या काळी खड्ड्यात पाडून चित्ते धरत, पण त्यात त्यांचे पाय मोडत. म्हणून अकबराने कमी खोल खड्ड्याची युक्ती काढली, असे 'आईन-ए-अकबरी'त आहे. पारध्यांच्या फाशात पाय शाबूत राहत.

लोखंडी खटक्याची गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लोकरी कातड्यांचा व्यापार वाढला. न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा नावाच्या एका धार्मिक वसाहतीने सिवेल न्यूहाउस या कारागिराचे पोलादी सापळे बनवून आपला संसार चालवला. तिथल्या फासेकऱ्यांची हंगामापूर्वीची तयारी वाचण्यासारखी आहे. नवा सापळा आधी उकळत्या पाण्यात टाकून कारखान्याचे तेल काढायचे. मग त्यावर हलका गंज चढू द्यायचा, म्हणजे रंग धरतो. त्यानंतर अक्रोडाच्या सालींच्या किंवा लॉगवूड नावाच्या लाकडाच्या काढ्यात तो उकळायचा. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, हिरडा आणि हिराकसाने कापड काळे होते, तसाच तुरट रसाने सापळा काळा होतो. शेवटी तो वितळलेल्या मेणात बुडवायचा. मेणाने गंज थांबतो, खटका चटकन मिटतो आणि लोखंडाचा वास दबतो. त्यानंतर उघड्या हाताने सापळ्याला शिवायचे नाही, कारण माणसाच्या हाताचा वास जनावराला लगेच कळतो. तात वळणारा पारधी आणि मेण लावणारा अमेरिकन, दोघांनी जनावराचे नाक ओळखले होते. फरक असा, की खटका पाय चिरडतो. युरोपीय संघाने पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर १९९५ पासून बंदी घातली.

आपल्याकडेही खटका आला आणि त्याने वाघ संपवले. २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यात लोखंडी सापळ्यात सापडून वाघ मेला. आपल्या मध्य प्रदेशातील पन्नात २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. शिकाऱ्यांत काही पारधीही होते, हे नाकारून चालणार नाही. पण खटका विकत घेणारे आणि कातडे विकणारे वेगळे होते, हेही विसरून चालणार नाही.

पारध्यांवर शिक्का त्याच्या फार आधी बसला होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, आणि जन्मालाच गुन्हा ठरवले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली या लोकांची रोजची हजेरी बंद केली आणि त्यांना नोकऱ्या दिल्या. देशभर मात्र ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्याच १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. चित्ता गेला त्याच वर्षी चित्ता धरणारा कागदावर सुटला. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फासा लावणे हाच गुन्हा ठरला. कायदा योग्यच होता, पण फासा ठेवून हातात काय घ्यायचे, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीत लागोपाठ दोन घरे फुटली. मोकळ्या प्लॉटवर पारध्यांची पाच-सहा पालं होती. आम्ही अर्ज लिहिला, दारोदार फिरून सह्या घेतल्या, आणि आठवड्यात पालं उठली. ऐन पावसात. पुढे चोर सापडला, तो कॉलनीतल्याच ओळखीचा निघाला. अर्ज आम्ही मागे घेतला नाही. मागे घेण्यासारखे काही उरलेही नव्हते. सप्टेंबर २००७ मध्ये मुलताईजवळ चौथियाला पारध्यांची अख्खी वस्ती उद्ध्वस्त झाली, तेव्हा आम्ही हळहळलो होतो. आमचा अर्ज त्याच रस्त्यावरचे एक पाऊल होता, हे त्या वेळी सुचले नाही.

आज पन्नात पारधी तरुण पर्यटकांना जंगल दाखवतात. कोणत्या झाडावर कोणाची नखे घासली, हे ते चालता चालता सांगतात. पूर्वी फासा लावायला लागत होते तेच ज्ञान. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारचे रातापानी व्याघ्र प्रकल्प झाले, केरव्याच्या रस्त्याला वाघ दिसतो ही बातमी आता नवी नाही. त्या वाघाला ओळखणारी माणसे आमच्याच प्लॉटवर राहत होती, आणि आम्ही त्यांना साधे नावही विचारले नव्हते.

३१ ऑगस्टला विमुक्त दिन असतो, बहुधा गणपतीच्याच दिवसांच्या आसपास. येत्या वर्षी आरतीनंतर मुलांनी पाशाविषयी विचारले, तर आम्ही नुसते 'दोरी' म्हणणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!