पलूसचा धबधबा

"पलूस? ते तर आपल्या किर्लोस्करवाडीशेजारी!" नकाशावर बोट ठेवून अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. २०१५च्या मे महिन्यात ते आमच्याकडे सिएटलला आले होते. सांगली जिल्ह्यातलं पलूस नव्हे, तर आपल्या वॉशिंग्टन राज्याच्या आग्नेय भागातला पलूस नदीचा धबधबा बघायला आम्ही निघालो होतो.

वॉशटक्ना गाव सोडलं आणि आमचं वळण चुकलं. गव्हाच्या शेतांमधल्या खडीच्या रस्त्यावर गाडी तासभर खडखडत होती. मागे धुळीचा लोट, समोर माणूस नाही, फोनला रेंज नाही. मी काळजीत आणि अण्णा मात्र खुशीत! "हेळवाकच्या जुन्या एसटीत बसल्यासारखं वाटतंय," म्हणाले.

शेवटी पाटी सापडली, आणखी दोनेक मैल खडी तुडवली, आणि सपाट माळ अचानक पायाखाली तुटला. काळ्या कातळाच्या पायऱ्यांवरून सुमारे २०० फूट खाली कोसळणारं पाणी! अण्णा कठड्याला धरून म्हणाले, "अगं, हा तर सह्याद्रीचा दगड." खरंच होतं ते. दोन्हीकडे लाव्हारसाचा बेसॉल्टच. आपला दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला त्या मानाने तरुण, दीड-पावणेदोन कोटींचा.

पण एवढीशी नदी एवढी मोठी दरी कशी कोरणार? हाच प्रश्न जे हार्लेन ब्रेट्झ या भूगर्भशास्त्रज्ञाला पडला. आधी ते सिएटलमध्ये शाळेत शिकवत. हा सगळा मुलूख तुडवून त्यांनी १९२३ साली लिहिलं की, हे एका प्रचंड पुराचं काम आहे. १९२७ साली वॉशिंग्टन डीसीच्या सभेत बड्या मंडळींनी त्यांना धारेवर धरलं. त्यांतल्या बहुतेकांनी हा प्रदेश पाहिलासुद्धा नव्हता! एवढं पाणी आलं कुठून, याचं उत्तर पुढे मोंटानात सापडलं. हिमयुगात तिथे बर्फाच्या बांधामागे अफाट सरोवर साठायचं, बांध फुटायचा, पुन्हा साठायचं. असे पूर अनेकदा आले. त्यांनी पलूस नदीची वाटच बदलली. तिची जुनी, कोरडी दरी आजही वॉशटक्नाजवळ दिसते. ब्रेट्झना १९७९ साली, नव्वदी ओलांडल्यावर, पेनरोज पदक मिळालं.

"आणि हे पाणी पुढे कुठं जातं?" अण्णांनी विचारलं.

स्नेक नदीला मिळतं, मी सांगितलं. त्या संगमाच्या थोडं अलीकडे मार्म्स नावाची कपार होती. १९६०च्या दशकात तिथे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे अवशेष सापडले. पण खाली स्नेकवर धरण पुरं होत आलेलं. कपार वाचवायला घाईघाईने बंधारा घातला. १९६९च्या फेब्रुवारीत धरण भरायला लागलं, तसं पाणी बंधाऱ्याखालच्या वाळू-खडीतून झिरपलं आणि काही दिवसांत सगळं बुडालं. संशोधकांना जागा प्लॅस्टिकने झाकून, वर खडी टाकून निघून यावं लागलं.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचं गाव कोयनेच्या धरणात गेलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते. मग म्हणाले, "झाकायला तरी कुणी होतं. आणि लिहूनही ठेवलं. आमच्या गावाचं कोण लिहिणार?"

आम्हा भावंडांना ते गाव म्हणजे फक्त "धरणात गेलेलं" एवढंच ठाऊक. त्यापलीकडे मी कधी विचारलंच नव्हतं.

परतताना गाडी नवऱ्याने चालवली. मी मुलीची शाळेची वही घेतली आणि अण्णांच्या शेजारी मागे बसले. गावात घरं किती, विहिरी कुठे, देवळाचं तोंड कुठल्या दिशेला, जत्रा कुठल्या महिन्यात, शेवटच्या दिवशी बैलगाडीत काय काय भरलं. खडीच्या रस्त्यावर अक्षर वेडंवाकडं आलंय. डांबरी रस्ता लागेपर्यंत अकरा पानं झाली होती.

मंडळी, धबधबा जरूर पाहा. गाडीची टाकी भरून आणि नकाशा छापून न्या. पण आई-वडील इकडे आले असतील, तर सोबत एक वहीही असू द्या.