होमस्टेड कायदा आणि नेब्रास्कातील वसाहतकर्त्या स्त्रिया

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली, व १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. एकवीस वर्षे वयाच्या व्यक्तीस अथवा कुटुंबप्रमुखास अल्प शुल्कात १६० एकर सरकारी जमीन मागता येई. तीवर घर बांधून पाच वर्षे वास्तव्य व लागवड केल्याचे सिद्ध झाले म्हणजे मालकी मिळे. अविवाहित स्त्री व विधवा यांनाही हा हक्क होता. पतीसह नांदणाऱ्या स्त्रीस मात्र स्वतःच्या नावाने जमीन मागता येत नसे, कारण कुटुंबप्रमुख या शब्दाने पतीचाच बोध होई. पती मालकीपूर्वी निवर्तला, तरच त्याच्या हक्काचा पुरावा तिला स्वतः सादर करता येई. अशा रीतीने जमिनीच्या दप्तरात स्त्री आढळते ती कन्या म्हणून किंवा विधवा म्हणून. पत्नी म्हणून तिचा मागमूस क्वचितच लागतो. तथापि मालकीच्या ज्या अटी पतीच्या नावे पूर्ण झाल्या, त्यांत तिच्या श्रमांचा वाटा किती होता, हे नेब्रास्कातील दैनंदिन जीवनावरून स्पष्ट होते.

पहिली अट घराची. त्या गवताळ मैदानांत इमारती लाकूड दुर्मिळ असल्याने गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली माती नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी उलथून तिच्या चपट्या ढेपा कापीत, व त्या एकावर एक रचून भिंती उभारीत. अशी घरे उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार असत. परंतु पावसात छप्पर गळे, आणि कोरड्या दिवसांत माती अन्नात पडे. तिला अटकाव म्हणून गृहिणी छताखाली कापड ताणून बांधीत. रुंद भिंतींतील खिडक्यांच्या कोनाड्यांत त्यांनी फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्याचेही आढळते.

जळणासाठी प्रथम गवे व पुढे गुरे यांच्या रानशेण्या वेचून आणाव्या लागत. त्या सरल्या म्हणजे पिळलेले गवत व दाणे काढलेली मक्याची कणसे चुलीत जात. विहीर होईपर्यंत पाणी ओढ्यावरून आणावे लागे. साबण, मेणबत्त्या व कपडे घरीच होत. शिवाय लोणी व अंडी दुकानात देऊन त्यांच्या मोबदल्यात कॉफी व साखर घेतली जाई. पीक हाती येईपर्यंत अनेक कुटुंबांचा निर्वाह या किरकोळ दिसणाऱ्या व्यवहारावर चाले.

दुसरी अट वास्तव्याची. सहा महिन्यांहून अधिक काळ जमीन सोडल्यास ती सरकारजमा होण्याची तरतूद कायद्यातच होती. रोख पैशासाठी पुरुष रेल्वेच्या बांधकामावर किंवा दूरच्या शेतांवर मजुरीस जात. मागे पत्नी व मुले राहत. कुटुंब जागेवर असल्याने वास्तव्य सामान्यतः अखंड मानले जाई. म्हणजेच कायद्याने मागितलेले वास्तव्य पुष्कळदा प्रत्यक्षात पत्नीचे असे. हे राहणे सोपे नव्हते. १८७४ साली टोळधाडीने उभी पिके फस्त केली. १२ जानेवारी १८८८ च्या हिमवादळात शाळेतून घरी परतणारी अनेक मुले दगावली. शेजारचे घर मैल-दोन मैल दूर, आणि बाळंतपणात आधार शेजारणीचाच.

कस्टर परगण्यात १८८६ पासून सॉलोमन बुचर याने वसाहतकर्त्यांची छायाचित्रे घेतली. त्यांत घरातील मौल्यवान वस्तू अंगणात मांडलेल्या दिसतात. एका कुटुंबाने तर मातीचे घर चित्रात येऊ नये म्हणून बाजाची पेटीच उघड्यावर आणविली. मातीच्या घरापुढे उभ्या असलेल्या चार ख्रिस्मन भगिनींचे चित्रही याच संग्रहातील होय. दप्तरात न आढळणारी पत्नी या चित्रांत मात्र पतीशेजारी बसलेली आहे.

येथे आणखी एका शब्दाचा विचार करणे प्राप्त आहे. या स्त्रियांना ‘आद्य’ वसाहतकर्त्या म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु मध्य नेब्रास्कात त्यांच्यापूर्वी पॉनी लोकांच्या स्त्रिया मका, घेवडा व भोपळा पिकवीत होत्या. गव्याच्या खांद्याच्या हाडाचे कुदळे त्या वापरीत, व त्यांची घरेही मातीनेच आच्छादिलेली असत. १८५७ च्या तहाने पॉनींनी आपली बहुतेक उरलेली भूमी गमावली, आणि १८७० नंतरच्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमा राज्यातील प्रदेशात जावे लागले. कायद्याने जी जमीन मोकळी मानली, ती अशा रीतीने मोकळी करण्यात आली होती. म्हणून या वसाहतींचा इतिहास लिहिताना दोन उणिवा भरून काढाव्या लागतात. ‘कुटुंबप्रमुख’ या शब्दाने झाकलेली पत्नी दाखवावी लागते, आणि ‘आद्य’ या शब्दाने पुसलेली तिच्या आधीची शेतकरीणही. पहिलीचे कष्ट सांगताना दुसरीचा विसर पडला, तर दप्तरातील मौन इतिहासकार पुढे चालवितो.