गाऱ्हाण्याचे लोकमत

राजदरबारी गाऱ्हाणे नेण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. परंतु एकट्यादुकट्याचे गाऱ्हाणे आणि शासनास धोरण बदलावयास भाग पाडणारे लोकमत यांत मोठे अंतर असते. ते कसे कापले जाते, याचे एक बोलके उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, घडले.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण १८५३ साली व्हावयाचे होते. वीस वर्षांनी येणारी ही वेळ म्हणजे पार्लमेंटपुढे भारतातील कारभाराची झडती होण्याची दुर्मिळ संधी. ती साधण्यासाठी १८५१ मध्ये कलकत्त्यात ब्रिटिश इंडियन असोसिएशन आणि २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. मद्रासकरांनी आरंभी कलकत्त्याची शाखा काढली. परंतु इलाख्याची दुखणी निराळी असल्याने १८५२ मध्येच ती 'मद्रास नेटिव्ह असोसिएशन' या नावाने स्वतंत्र झाली. तिचे प्रवर्तक गाझुलू लक्ष्मीनरसू चेट्टी हे व्यापारी होते. १८४४ पासून 'क्रेसेंट' हे इंग्रजी पत्र चालवून त्यांनी लोकमताचे साधन आधीच हाती घेतले होते.

असोसिएशनने पार्लमेंटकडे धाडलेल्या अर्जात शेतसाऱ्याचा बोजा, न्यायदानातील दिरंगाई यांसोबत एक भीषण आरोप होता : सारावसुलीसाठी रयतेचा शारीरिक छळ होतो. बोटे लाकडी चिमट्यात आवळणे, मान गुडघ्यांपर्यंत वाकवून दोरीने जखडणे आणि तशा स्थितीत उन्हात ठेवणे हे त्यातले रूढ प्रकार. रयतवारी पद्धतीत सरकारच वसुलीस उभे असे. शिवाय महसूल आणि पोलीस हे दोन्ही अधिकार एकाच हाती. ज्याने मारले त्याच्याच कचेरीत दाद मागावयाची, अशी ही कोंडी होती.

१८५३ च्या कायद्याने असोसिएशनची निराशाच केली. तथापि त्याच वर्षी पार्लमेंटचे सदस्य डॅनबी सेमूर मद्रासला आले आणि चेट्टींनी त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडवून परिस्थिती दाखविली. जुलै १८५४ मध्ये कॉमन्स सभागृहात हा प्रश्न निघाला आणि इलियट, स्टोक्स व नॉर्टन या तिघांचा चौकशी आयोग नेमणे सरकारला भाग पडले. आयोगाने तक्रारी मागविताच अवघ्या काही महिन्यांत जवळपास दोन हजार तक्रारी आल्या. कित्येक शेतकरी दूरदूरचे अंतर तुडवून मद्रासला पोहोचले. अर्जातील 'रयत' हे सामान्यनाम येथे माणसांच्या नावांत, गावांत आणि जखमांत उलगडले. अर्जाचे वजन वाढले ते या साक्षींमुळे.

१८५५ च्या अहवालाने छळ मान्य केला. मात्र दोषाचा सारा भार एतद्देशीय कामगारांवर टाकून गोऱ्या अधिकाऱ्यांना मोकळे सोडले. जबर साऱ्याची आकारणी कोणी केली, हा प्रश्न त्यामुळे बाजूस पडला. १८५७ साली न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात कार्ल मार्क्स याने या अहवालाची चर्चा करताना याच पळवाटेवर बोट ठेवले. तरीही परिणाम घडला. १८५९ च्या मद्रास पोलीस कायद्याने पोलिसांची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली आणि १८६१ च्या अखिल भारतीय कायद्यास ती पायाभूत ठरली.

या यशाची मर्यादाही ओळखावयास हवी. असोसिएशनमध्ये शहरातील व्यापारी व सधन वर्गाचा भरणा होता. करांसंबंधी त्यांचे स्वतःचे हितसंबंध होते. पण आपल्या मागणीला नैतिक बळ यावे म्हणून त्यांना रयतेच्या वेदनेचा आधार घ्यावा लागला, आणि त्या निमित्ताने रयतेला एक चावडी मिळाली. चौकशी संपताच ती मिटलीही. सुमारे तीन दशकांनंतर, १८८३ साली, जोतीराव फुले यांना 'शेतकऱ्याचा असूड' लिहावा लागला, यातच उरलेल्या कामाचा हिशेब आहे. लोकमत घडविणाऱ्यांत ज्याचे दुःख आहे तो किती बोलतो, यावर त्या लोकमताचे आयुष्य ठरते.