शिशाच्या वजनांची साक्ष

दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात तथागतांच्या शीलाचे वर्णन करताना ते तुलाकूट, कंसकूट व मानकूट यांपासून विरत असल्याचे सांगितले आहे. आचार्य बुद्धघोषांनी सुमंगलविलासिनी या अट्ठकथेत तुलाकूटाचे चार प्रकार दिले आहेत: रूपकूट, अंगकूट, गहणकूट आणि पटिच्छन्नकूट. सारख्या दिसणाऱ्या दोन तागड्या बाळगून घेताना एक व देताना दुसरी वापरणे हे रूपकूट होय. दांडी पोकळ करून आत लोखंडाचा चुरा भरणे हे पटिच्छन्नकूट होय. मापातील लबाडीची ही धास्ती जमिनीतून निघणाऱ्या वस्तूंतही दिसते काय? इंग्लंडमधील शिशाची जुनी वजने या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

तेथे धातुशोधक यंत्र घेऊन नांगरटीची शेते धुंडाळणाऱ्या हौशी मंडळींना शिशाचे तुकडे विपुल सापडतात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते; त्यामुळे घरच्या चुलीवरही त्याचे वजन ओतता येई. परंतु प्रत्येक तुकडा वजन नव्हे. मधोमध आरपार छिद्र असलेली चकती बहुधा सूत कातण्याच्या चातीची असते. गोल गोळी बंदुकीची असू शकते. ठसा उमटविलेली चकती कापडाच्या गठ्ठ्याची मोहोर असू शकते. तुकडा तोलून पाहिला तरी निर्णय होत नाही, कारण जमिनीत शिशावर पांढरट थर चढतो व मूळ भार बदलतो. म्हणून अनेक वजनांची तुलना करावी लागते. डब्लिन येथील उत्खननात सापडलेल्या वजनांच्या अशाच अभ्यासातून सुमारे २६.६ ग्रॅमचे एकक पुढे आले.

लिंकनशायरमध्ये ट्रेंट नदीकाठी टॉर्कसी हे गाव आहे. व्हायकिंगांच्या महासैन्याने इ. स. ८७२-८७३ चा हिवाळा येथे काढल्याची नोंद अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात आहे. येथील शेतांतून शेकडो वजने, कापलेली चांदी आणि अरबी दिरहमांचे शंभराहून अधिक तुकडे मिळाले. डॉन हॅडली व ज्युलियन रिचर्ड्स यांनी २०१६ मध्ये या स्थळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाण्यांचे तुकडे केले जात होते, यावरून ती मोजून नव्हे, तर तोलून घेतली जात होती, हे स्पष्ट होते.

काही वजनांच्या माथ्यावर नक्षीदार धातूचा तुकडा बसविलेला आहे. असे तुकडे पुष्कळदा ब्रिटन व आयर्लंडमधील ख्रिस्ती धर्मस्थळांतून लुटलेल्या वस्तूंचे असावेत. मालकाला आपले वजन ओळखता यावे व कोणी ते बदलू नये, हा त्यामागील हेतू असावा, असे काही अभ्यासक मानतात. हे मत ग्राह्य धरल्यास तो रूपकूटासारख्या फसवणुकीवरचाच उपाय ठरतो. मात्र व्यवहारातील विश्वासाची ही खूण लुटीच्या ऐवजातून घडली, हेही विसरता येत नाही.

याच स्थळी शिशाचे पोकळ, घुमटाकार तुकडेही मोठ्या संख्येने मिळाले. असे तुकडे वजन म्हणूनही नोंदले जात. परंतु त्यांत भाराचे कोणतेही प्रमाण जुळत नाही. त्या पटावरच्या खेळातील सोंगट्या होत, असे आता मानले जाते.

शोधकांनी वस्तू कोठे सापडली याची नोंद ठेवली, म्हणूनच हे सर्व कळू शकले. इंग्लंडमध्ये १९९७ पासून अशा नोंदींसाठी ऐच्छिक योजना चालू आहे. शिशाचा सुटा तुकडा तेथील कायद्याने सहसा 'निधी' ठरत नाही. तेव्हा त्याची नोंद शोधकाच्या सचोटीवरच अवलंबून असते.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. भडोचच्या बंदरात शिसे आयात होत असल्याचा उल्लेख 'पेरिप्लस'मध्ये आहे. काळवंडलेले असे नाणे शेतात मिळाल्यास ते शिशाचा क्षुद्र तुकडा म्हणून टाकून दिले जाण्याचा संभव असतो. दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. परंतु कायद्यापूर्वी जाणीव हवी. सापडलेली वस्तू घासू नये, वितळवू नये. शेत, खोली व दिनांक लिहून ठेवावा आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. जागेपासून तुटलेले शिसे इतिहासाच्या दृष्टीने मुके होते.