अडखळणाऱ्या इंजिनाची कुळकथा

चालत्या मोटारीचें इंजिन मध्येंच एखादा ठोका चुकवूं लागलें, कीं आमच्याकडचा मिस्त्री म्हणतो, "गाडी मिसिंग मारते." हिंवतापासारखा हा दोष येतो व जातो, दूर झाला म्हणावें, तों आठ दिवसांनीं पुन्हां हजर. २०२५ च्या पावसाळ्यानंतर अहिल्यानगर जिल्ह्यांतील बेलापूर येथें एका ऊस-बागायतदारांच्या घरीं असा एक रुग्ण मीं पाहिला. वडिलांच्या हातची, १९४७ सालची एम. जी. टी. सी. ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार चढावर हटकून अडखळत होती. प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, गुण येईना. शेवटीं इंजिनच उकलावें, आणि तेंही साधलें नाहीं तर गाडी विकून टाकावी, असा बेत घरांत ठरूं लागला होता. ती गाडी वर्षानुवर्षें सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीचें नांव तर वाईट झालेंच होतें.

मिस्त्रीनें पहिला संशय ठिणगीवर घेतला, यांत त्याची चूक नव्हती. इंजिनाचा इतिहासच त्याच्या बाजूस होता. १८६० सालीं पॅरिस येथें लेन्वार यानें आपलें वायुइंजिन विजेच्या ठिणगीनें चालविलें. पण ती ठिणगी भरंवशाची नव्हती. डाइमलर यानें तिचा नाद सोडून तापवून लाल केलेली नळी पत्करली. १९०२ सालीं बॉश यांच्या कारखान्यांत होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, तेव्हां ठिणगी कांहींशी वश झाली. पुढें १९१० च्या सुमारास अमेरिकेंत केटरिंग यानें बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची जी जोडणी बसविली, ती अनेक दशकें बहुतेक मोटारींत राहिली. पॉइंट उघडतांच कॉइलमधील चुंबकत्व कोसळतें, हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो आणि प्लगच्या फटींत ठिणगी पडते. पॉइंटची फट केसभर सरकली, कंडेन्सर दुबळा झाला, वायरीस ओल लागली, कीं ठोका चुकलाच. जुन्या गाड्यांच्या दहांपैकीं नऊ तक्रारी विजेच्या, ही मिस्त्रीमंडळींची समजूत अशी अनुभवांतून आलेली आहे. पण दहावी तक्रार उरतेच!

ठोका एकाच सिलिंडरांत चुकतो कीं सर्वांत, हें आधीं पाहावें लागतें. इंजिन सावकाश चालूं ठेवून एकेका प्लगची वायर काढावी. जिच्या काढण्यानें गतींत फरक पडत नाहीं, तो सिलिंडर आळशी. बेलापूरच्या गाडींत चारही सिलिंडर सारखेंच काम करीत होते. उभी असतां गाडी गोड चाले. भार पडला कीं खोकला. शिवाय प्लगचीं टोकें तपकिरी असावयाचीं, तीं पांढुरकीं पडलेलीं. याचा अर्थ हवा फार, पेट्रोल कमी.

आतां पेट्रोलाकडे वळावयाचें, तर प्रथम या गांवाच्या परिसराकडे वळलें पाहिजे. प्रवरेकांठच्या बेलापुराचें नांव दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्टेशनास मिळालें. तो मार्ग १८७८ सालीं खुला झाला, आणि स्टेशनापाशीं पुढें श्रीरामपूर वसलें. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें व कालव्यांच्या पाण्यावर ऊस पसरला. बेलापूर कंपनीचा हरेगांवचा साखर कारखाना, मागाहून लोणीचा प्रवरा सहकारी कारखाना, हे सारें त्या पाण्याचें देणें. साखरेबरोबर मळी आली. दाणे निघाल्यावर उरणाऱ्या या काळ्या पाकाचें करावयाचें काय? तो आंबवून मद्यार्क काढावा व मोटारींत जाळावा, ही कल्पना नवी नव्हे. ब्राझीलनें १९३१ सालींच आयात पेट्रोलांत पांच टक्के मद्यार्काची सक्ती केली. आपल्याकडे १९४८ सालीं पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला व २००० सालीं तो रद्द झाला. गंमत अशी, कीं लगेच २००१ सालीं मिश्रणाचे जे प्रयोग सुरू झाले, त्यांतील महाराष्ट्राचीं दोन ठिकाणें मिरज आणि मनमाड हीं होतीं. मनमाड म्हणजे बेलापूरच्या लोहमार्गाचें उत्तर टोंक! २००३ सालीं नऊ राज्यांत पांच टक्के, २०२२ सालीं दहा, आणि २०२५ सालीं वीस, अशी ही मात्रा चढत गेली.

एक शेर शुद्ध पेट्रोल जाळावयास सुमारें साडेचौदा शेर हवा लागते. मद्यार्कास नऊ शेर पुरते. नव्या गाडींतील यंत्रणा हा फरक ओळखून इंधन वाढविते. टी. सी.च्या दोन एस. यू. कार्बोरेटरांना तें ज्ञान कोठलें? ते जुन्याच मापानें इंधन सोडतात, आणि मिश्रण विरळ पडतें. शिवाय मद्यार्क जुनें रबर फुगवितो, टाकींतला साचलेला मळ सोडवितो आणि हवेंतील ओल पितो. चार महिने उभ्या राहिलेल्या गाडींत ती ओल मर्यादेबाहेर गेली, कीं पाणी व मद्यार्क पेट्रोलापासून फुटून तळाशीं बसतात, आणि पंप नेमका तळाचाच माल उचलतो.

हा उलगडा अखेर म्हाताऱ्यानेंच केला. खुणांच्या कांचनळींत त्यानें दहा भाग पाणी व नव्वद भाग ताजें पेट्रोल घालून हलविलें. थोड्या वेळानें खालचा पाण्याचा थर दुपटीहून वर चढलेला दिसला. मद्यार्क पाण्यास जाऊन मिळाला होता. मग त्यानें गाडीच्या टाकीचा तळ बाटलींत उतरविला. तेथें तर न हलवितांच दोन थर होते.

"मालक," तो म्हणाला, "ठिणगी बिचारी निर्दोष. तुमचाच ऊस गाडीला बाधला."

टाकी धुऊन घेतली. मद्यार्कास टिकणाऱ्या रबराच्या नळ्या घातल्या, कार्बोरेटर साफ केले, दोन्ही जेटांचे नट थोडे खालीं उतरवून मिश्रण दाट केलें. काढून ठेवलेले जुने पॉइंट त्यानें घासून परत बसविले. नवे त्याला मुळींच पसंत नव्हते. पंधरा दिवसांनीं प्लग उघडून पाहिले, तेव्हां चौघांचीं टोकें तपकिरी होतीं.